पिशवी फाडा : कॉमिक्स जमवणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना खुले पत्र

प्रिय संग्राहक मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या डिसेंबरात मी भारतात आले होते, तेव्हा पुण्यात एका मित्राच्या घरी आपण दहा-बारा जण जमलो होतो. ज्याने त्याने आपल्याकडची एक आवडती वस्तू आणायची असं ठरलं होतं. कुणी इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक आणले, मुखपृष्ठं शाबूत असलेले. कुणी बहादूरची एक जुनी गोष्ट आणली. आणि तुमच्यातल्या सगळ्यात तरुण मुलाने ऑफिसच्या सॅकमधून जपून एक पाकीट काढलं. आत 'स्टॅटिक' या अमेरिकन सुपरहिरो मालिकेचा पहिला अंक होता, १९९३ सालचा, प्रकाशकाने ज्या पॉलिबॅगमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत, बंद केला होता त्याच पॉलिबॅगमध्ये. आतलं पोस्टर, आतलं ट्रेडिंग कार्ड, सगळं जसंच्या तसं. पाकीट हातोहात फिरलं. माझ्याकडे आलं तेव्हा मी त्याला विचारलं, "गोष्ट कशी वाटली रे?" तो म्हणाला, "ताई, उघडला की भाव गेला." सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्या संध्याकाळी मी काही बोलले नाही. पाहुणी होते, आणि त्या मुलाचा आनंद खरा होता. पण परत आल्यावर ते वाक्य मनातून जाईना. म्हणून हे पत्र त्याला एकट्याला लिहीत नाही, तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे. माना सगळ्यांनीच डोलावल्या होत्या.

माझं मागणं आधीच सांगून टाकते. ती पिशवी फाडा, अंक वाचा, आणि मग दुसरा, तिसरा, पंचेचाळिसावा अंक शोधायला लागा. असं का म्हणते हे कळायला तो अंक लिहिणाऱ्या माणसाविषयी बोलावं लागेल. त्याचं नाव ड्वेन मॅकडफी. 'स्टॅटिक' त्यांनी रॉबर्ट वॉशिंग्टन यांच्यासोबत लिहायला घेतलं, चित्रं जॉन पॉल लिऑन यांची. मी गेली तीस वर्षं डेट्रॉइटच्या बाजूच्या गावात राहते, आणि मॅकडफी डेट्रॉइटचे, कृष्णवर्णीय. २० फेब्रुवारी १९६२ चा जन्म. मिशिगन विद्यापीठात त्यांनी इंग्रजीही शिकलं आणि भौतिकशास्त्रही. त्यांच्या कथांमधलं विज्ञान इतकं नेटकं का असतं, हे मला ते कळल्यावर उमगलं.

पण त्यांच्याआधी थोडं आपल्याबद्दल.

मी मिरजेची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक छोटं दुकान होतं, तिथे पंचवीस पैशांत एक दिवसासाठी इंद्रजाल मिळायचं. दादा आणि मी एकच अंक दोघांत वाचायचो, तो पान उलटायचा आणि मी ओरडायचे की थांब, माझं झालं नाही. त्या अंकांवर माझं फार प्रेम आहे, आजही. पण वय वाढल्यावर ते परत वाचताना घशात काहीतरी अडकतं. कवटीच्या सिंहासनावर बसलेला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, गोरा, आणि जंगलातली माणसं त्याच्या शब्दाची वाट बघत उभी. जादूगार मॅन्ड्रेकच्या शेजारी त्याचा साथीदार लोथार, अंगाने सगळ्यांत मोठा, मुळात एक राजपुत्र, पण गोष्ट त्याची कधीच नसायची. रंगाने आम्ही वेताळापेक्षा लोथारच्या जास्त जवळचे होतो, आणि खेळताना आम्ही सगळेच वेताळ व्हायचो. लोथार कुणालाच व्हायचं नसे, ते काम धाकट्यावर यायचं. आमच्यात धाकटी मी. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर इंद्रजालमध्ये आला, कुर्ता आणि जीन्स घातलेला, चंबळच्या बाजूचा. दादाने तो अंक दुकानात परत केलाच नाही. त्यासाठी त्याने मार खाल्ला. असा एक अंक मुलाला किती पुरतो हे मी घरातच पाहिलेलं आहे.

मॅकडफींच्या वाट्याला असा अंक अकराव्या वर्षी आला. १९७३ मध्ये मार्व्हलच्या 'जंगल अ‍ॅक्शन' या कॉमिकमध्ये ब्लॅक पँथरची मालिका सुरू झाली होती. लिहिणारे डॉन मॅकग्रेगर गोरे होते, पण त्यांनी वाकांडा नावाच्या देशात गोष्ट नेली आणि तिथे राजा काळा, त्याचा शत्रू काळा, वैद्य काळा, फितूर काळा, घाबरट काळा, शूर काळा. त्या अंकाने आपल्याला काय दिलं हे मॅकडफींनी पुढे लिहून ठेवलं आहे. तोवर चित्रात जवळजवळ नसलेली माणसं एकाएकी सगळीकडे दिसू लागली, आणि ती सगळ्या प्रकारची होती. एका चांगल्या काळ्या नायकाने ते घडलं नसतं. शेजारी दहा तऱ्हांची काळी माणसं उभी होती म्हणून ते घडलं. ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर सोडली नाही, आणि माझ्या मते त्यांचं सगळं काम याच एका जाणिवेतून आलेलं आहे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ते मार्व्हलमध्ये संपादक म्हणून लागले. तुमच्यापैकी कार्डं जमवणाऱ्यांना हे ठाऊक नसेल, पण मार्व्हलच्या सुपरहिरोंची पहिली ट्रेडिंग कार्डं घडवण्यात त्यांचा हात होता. म्हणजे संग्राहकाचा हात कुठल्या खिशात जातो हे या माणसाला आतून माहीत होतं. त्याच काळात त्यांनी 'डॅमेज कंट्रोल' लिहिलं. सुपरहिरोंच्या मारामाऱ्यांत पडलेल्या इमारती नंतर कोण उचलतं, तर एक कंपनी, तिचे कामगार आणि तिचे हिशेबनीस. गगनभेदी लढाईनंतर झाडू मारणाऱ्यांकडे पाहावंसं वाटणं हेसुद्धा त्याच नजरेचं.

आणि १९८९ मधलं त्यांचं ते कार्यालयीन टिपण. कंपनीतल्या वरिष्ठांना त्यांनी एका नव्या मालिकेचा प्रस्ताव पाठवला, तरुण काळ्या स्केटबोर्डवाल्या नायकांच्या टोळीचा. वाचणाऱ्याला कळावं की हे विडंबन आहे, आणि तरीही त्यातला आकडा खरा असावा, असं ते लिहिलेलं होतं. मार्व्हलच्या विश्वातल्या कृष्णवर्णीय नायकांपैकी चौथा हिस्सा स्केटबोर्डवरून फिरतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. नोकरी करत असलेल्या माणसाने स्वतःच्या मालकांना हे लिहिलं, आपलं नाव घालून. आपल्याकडे बॉसच्या केबिनबाहेर आपण काय काय बोलतो आणि आत गेल्यावर काय बोलतो, ते आठवून पाहा.

१९९० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. मग डेनिस कॉवन, मायकेल डेव्हिस आणि डेरेक डिंगल यांच्यासोबत त्यांनी माइलस्टोन मीडिया उभी केली. १९९३ च्या वसंतात एकामागून एक चार मालिका आल्या: 'हार्डवेअर', 'ब्लड सिंडिकेट', 'आयकॉन' आणि 'स्टॅटिक'. छपाई आणि वितरण सुपरमॅनचे प्रकाशक डीसी यांच्याकडे, पण पात्रांची मालकी आणि काय लिहायचं याचा निर्णय माइलस्टोनकडे. डीसीसारख्या मोठ्या घराशी हातमिळवणी केली म्हणून काही स्वतंत्र कृष्णवर्णीय प्रकाशकांनी तेव्हा टीकाही केली. मला ती टीका पटत नाही. मालकी हातात ठेवून दुसऱ्याची गाडी वापरणं याला मी शरणागती म्हणणार नाही.

एकच मालिका न काढता चार एकदम का काढल्या, यात सगळं येतं. मॅकडफींचं म्हणणं असं होतं की कथेत काळा माणूस एकटा असला की तो माणूस राहतच नाही, तो सगळ्या काळ्यांचा प्रतिनिधी होतो. मग त्याला चुकता येत नाही, चिडता येत नाही, त्याला कंटाळवाणं व्हावं लागतं. सुपरमॅन म्हणजे सगळे गोरे नव्हेत, आणि त्याचा शत्रू लेक्स ल्युथर म्हणजेही सगळे गोरे नव्हेत. मग आमच्या नायकाने एकट्याने सगळ्यांचं ओझं का वाहायचं? म्हणून त्यांनी डकोटा नावाचं अख्खं शहर वसवलं. हार्डवेअर म्हणजे कर्टिस मेटकाफ, बुद्धिमान संशोधक, ज्याच्या शोधांवर मालक गबर झाला आहे. पहिल्याच पानांवर तो लहानपणीच्या पोपटाची आठवण सांगतो. पिंजऱ्यातून सुटलेला पोपट खिडकीच्या काचेवर आपटतो, त्याला आणखी एक पिंजरा दिसलेलाच नसतो. 'ब्लड सिंडिकेट' ही टोळीवाल्या पोरांची गोष्ट, काळ्या, लॅटिनो, आशियाई. पुढच्या वर्षी 'झोंबी' आलं, तिथला नायक डेव्हिड किम कोरियन-अमेरिकन.

इथे रंगाविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती मराठी माणसाला चटकन कळेल. आपल्या भाषेत गव्हाळ आहे, सावळा आहे, निमगोरा आहे, काळासावळा आहे, उजळ आहे. लग्नाच्या जाहिरातींनी यातल्या निम्म्या शब्दांचं वाटोळं केलं, पण डोळ्याला छटा दिसतात याचा पुरावा भाषेत आहे. त्या काळच्या छापील कॉमिक्समध्ये मात्र काळ्या माणसाला बहुधा एकच सपाट तपकिरी मिळायचा, मग तो राजा असो की रस्त्यावरचा मुलगा. माइलस्टोनमध्ये नोएल गिडिंग्ज या रंगकार होत्या. त्यांनी पानं हाताने रंगवण्याची पद्धत बसवली, आणि एका घरातल्या आईची कांती वेगळी, मुलीची वेगळी, शेजाऱ्याची वेगळी दिसू लागली. बंद पिशवीतून यातलं काहीच दिसत नाही. दिसतं ते फक्त मुखपृष्ठ.

'आयकॉन' माझं सगळ्यात लाडकं, म्हणून त्याविषयी थोडं जास्त लिहिते. परग्रहावरचा एक माणूस १८३९ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतात पडतो. त्याचं यान त्याला आधी दिसणाऱ्या माणसासारखं रूप देतं, आणि आधी दिसते ती एक गुलाम स्त्री. तो तिचं बाळ होतो. सुपरमॅनची सुरुवातच ही, फक्त शेत बदललं आणि शेतात राबणारी बाई बदलली. तेवढ्याने सगळी गोष्ट बदलते. दीडशे वर्षं तो जगतो, श्रीमंत वकील होतो, आणि विचाराने पक्का परंपरावादी: ज्याने त्याने आपल्या पायावर उभं राहावं असं मानणारा. मग त्याच्या बंगल्यात चोरी करायला आलेल्या पोरांबरोबर रॅकेल अर्विन येते. पंधरा वर्षांची, गरीब वस्तीतली, टोनी मॉरिसनसारखी लेखिका व्हायचं स्वप्न असलेली. ती त्याला गप्प बसू देत नाही. तुमच्याकडे हे बळ असताना तुम्ही लोकांसाठी का वापरत नाही, असं ती विचारते, आणि त्याच्याकडे उत्तर नसतं. दोघं पहिल्यांदा मदतीला जातात तेव्हा पोलीस बंदुका रोखतात, त्यांच्यावरच. पुढे रॅकेलला दिवस जातात, आणि ती आई होऊनही रॉकेट, म्हणजे आयकॉनची सुपरहिरो साथीदार, राहते. सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये किशोरवयीन आई, तीही कुणाची दया न मागणारी! मी बाळंतपणानंतर वर्षभर घरात एकटी होते, परक्या देशात, बर्फात. रॅकेल बाळाला कुणाकडे ठेवून उडायला जाते ते मी पुनःपुन्हा वाचायचे. परग्रहावरचा वकील त्या गोष्टीचा नायक असेल, पण डोळे रॅकेलचे आहेत. मॅकडफींनी हे जाणून केलं.

आता पिशवीकडे येते.

१९९३ साल कसलं होतं हे तुमच्यातले जुने लोक जाणतात. १९९१ मध्ये 'एक्स-मेन'च्या नव्या मालिकेचा पहिला अंक वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह आला आणि त्याच्या ८० लाखांहून जास्त प्रती दुकानदारांनी उचलल्या. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत, आत शोकाची काळी फीत घालून विकला गेला. लोकांनी दहा-दहा प्रती घेतल्या, एकही न उघडता. का, तर १९३८ चा 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक लाखो डॉलरला जातो हे सगळ्यांनी ऐकलेलं. २०२४ मध्ये त्याची एक प्रत ६० लाख डॉलरला गेली. पण तो अंक महाग आहे तो मुलांनी दुमडून खिशात घातला म्हणून, एकमेकांत बदलला म्हणून, आयांनी रद्दीत टाकला म्हणून, युद्धकाळात रद्दी कागद गोळा करण्याच्या मोहिमेत गेला म्हणून. प्रती उरल्या नाहीत, आणि उरलेल्या प्रतींमागे वाचलेल्या गोष्टीची माया होती. जो अंक लाखोंनी छापला आणि लाखोंनी पिशवीत जपला, तो दुर्मीळ व्हायचा कसा? सुपरमॅनच्या मृत्यूचा तो अंक आजही हवा तेवढा मिळतो.

माइलस्टोनचे पहिले अंक याच लाटेवर बाजारात आले. साध्या प्रतीही होत्या, आणि संग्राहकांसाठीची पॉलिबॅगमधली आवृत्तीही, आत पोस्टर आणि कार्ड. कंपनीने ते का केलं हे मला कळतं. तेव्हा सगळेच करत होते, आणि नव्या घराला पहिल्या महिन्यात पैसा हवा होता. मी त्यांना दोष देत नाही. पण त्याचा परिणाम काय झाला ते पाहा. पहिला अंक धडाधड खपला, आणि घेणाऱ्यांतले कितीतरी जण दुसऱ्या अंकाला आले नाहीत, कारण त्यांनी पहिला वाचलाच नव्हता. दुसरा अंक कशासाठी घ्यायचा?

त्यातून अमेरिकेतली कॉमिक्सची विक्री ज्या रीतीने चालते ती अशी: दुकानदाराला महिने-दोन महिने आधी मागणी नोंदवावी लागते, आणि न खपलेले अंक परत करता येत नाहीत. त्यामुळे वाचकाला काय दिसेल हे दुकानदार ठरवतो, त्याच्या अंदाजाने. त्याला वाटलं की आपल्याकडे काळी गिऱ्हाइकं येत नाहीत, तर तो या मालिकांच्या दोन प्रती मागवणार. त्या दोन नेहमीची माणसं घेऊन जाणार. तिसऱ्या, नव्या वाचकाला अंक दिसणारच नाही. मग दुकानदार म्हणणार, बघा, मागणीच नाही. मॅकडफी वर्षानुवर्षं हे सांगत राहिले, की आमची पुस्तकं 'काळ्यांची कॉमिक्स' म्हणून बाजूला ठेवली जातात, गोरा नायक असलेलं पुस्तक मात्र कुणी 'गोऱ्यांचं कॉमिक' म्हणत नाही.

मग लाट फुटली. भाव चढणार म्हणून घेणारे एका झटक्यात निघून गेले. हजारो दुकानं बंद पडली, डिसेंबर १९९६ मध्ये खुद्द मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. १९९७ च्या वसंतापर्यंत माइलस्टोनच्या मासिक मालिका थांबल्या. 'हार्डवेअर' ५० अंकांवर, 'स्टॅटिक' ४५ वर, 'आयकॉन' ४२ वर, 'ब्लड सिंडिकेट' त्याआधीच ३५ वर.

माझा मुलगा १९९५ चा. २००० ते २००४ या काळात 'स्टॅटिक शॉक' हे कार्टून शनिवारी सकाळी लागायचं, आणि आमच्या घरात त्या अर्ध्या तासात फोन उचलायची बंदी होती. व्हर्जिल हॉकिन्स हे त्या नायकाचं नाव साधं नाही. व्हर्जिल हॉकिन्स नावाच्या एका खऱ्या माणसाला १९४९ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या विधी शाखेने काळा म्हणून प्रवेश नाकारला, आणि तो वर्षानुवर्षं न्यायालयात लढला. मुलाला हे मी नंतर सांगितलं. त्या वयात त्याला एवढंच पुरत होतं की व्हर्जिल शाळेत जातो, बर्गरच्या दुकानात काम करतो, घाबरतो, विनोद करतो, आणि त्याची कांती आपल्यासारखी आहे.

२००३ मध्ये मी त्याला घेऊन जवळच्या एका कॉमिक्सच्या दुकानात गेले. 'स्टॅटिक' आहे का विचारलं. काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि म्हणाला, "ते तुमच्यासाठी नाही, ते काळ्यांसाठीचं कॉमिक आहे." वाईट बोलायचं म्हणून म्हणाला नाही, मदत करायची म्हणून म्हणाला. तेच मला जास्त लागलं. मग त्यानेच जमिनीवरच्या पंचवीस सेंटवाल्या खोक्याकडे बोट दाखवलं. आम्ही दोघं मांडी घालून बसलो आणि अर्ध्या तासात चौदा अंक मिळाले. साडेतीन डॉलर. पहिला अंक पॉलिबॅगमध्ये बंद होता. मुलाने काउंटरवरच दातांनी पिशवी फाडली. तो माणूस "अरे, अरे, थांब" म्हणेपर्यंत पोस्टर उलगडून मुलाच्या अंगाखांद्यावर होतं. ते पोस्टर अजून त्याच्या खोलीत आहे, चारही कोपऱ्यांना टेपचे पिवळे डाग. बाजारात त्याची किंमत शून्य.

आणि त्या चौदा अंकांत काय मिळालं? आदल्या काळातल्या नायकांना अपघाताने शक्ती मिळायची. व्हर्जिलला ती मिळाली त्या रात्री तो खिशात पिस्तूल घेऊन गेला होता, त्याला मारणाऱ्या गुंडाला संपवायला. त्याच्याने गोळी झाडवली नाही, त्याने पिस्तूल फेकून दिलं, आणि मग पोलिसांनी सोडलेल्या विषारी वायूत तो सापडला. पहिल्या अंकावर थांबणाऱ्याला ती रात्र पुरती कळत नाही. पुढे एका अंकात त्याला कळतं की जिवलग मित्र रिक समलिंगी आहे. तेव्हा व्हर्जिल वाईट वागतो. आपला नायक, ज्याला रंगावरून ऐकून घ्यावं लागतं तोच, मित्राशी कोतेपणाने वागतो, आणि मग त्याला त्याची लाज वाटते. १९९४ च्या सुमारास मुलांच्या कॉमिक्समध्ये हे लिहिणं सोपं नव्हतं. माझ्या मुलाने तो अंक दोनदा वाचला आणि गप्प झाला. शाळेत त्यानेही कुणाला काही बोललेलं असावं. मी विचारलं नाही.

तुमच्यातल्या तरुणांनी मॅकडफींची गोष्ट कदाचित लहानपणीच पाहिलेली आहे, नाव न कळता. 'जस्टिस लीग' आणि 'जस्टिस लीग अनलिमिटेड'चे ते प्रमुख लेखक-निर्मात्यांपैकी एक. 'बेन टेन : एलियन फोर्स' त्यांच्या देखरेखीखाली लिहिलं गेलं, ज्याच्यासाठी पुण्या-नाशिकच्या पोरांनी मनगटावर हिरवी घड्याळं बांधली. तिकडेही त्यांचा एक हिशेब असायचा: गोष्टीत तीन काळी पात्रं एकत्र दिसली की लोक तिला 'काळ्यांची गोष्ट' म्हणू लागतात, दोनपर्यंत चालतं. त्यांनी हे बोलून दाखवलं आणि तरी तिसरं पात्र आणायचं सोडलं नाही. २१ फेब्रुवारी २०११ ला, एकोणपन्नासावा वाढदिवस होऊन एक दिवस झाला असताना, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर ते गेले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी लिहिलेला 'ऑल-स्टार सुपरमॅन' हा चित्रपट बाजारात आला.

२०१५ पासून त्यांच्या नावाने कॉमिक्समधल्या वैविध्यासाठी पुरस्कार देतात. पहिल्या वर्षी अंतिम यादीत 'मिस मार्व्हल' होतं, जर्सी सिटीतली कमला खान. आणि कमला कशी टिकली? त्याच वर्षी तिच्या पहिल्या पुस्तकाला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, आणि वाचनालयांत, शाळांत, पुस्तकांच्या दुकानांत मुलींनी ती संग्रहित पुस्तकं वाचून वाचून फाडली. तिच्या पहिल्या अंकाच्या सीलबंद प्रतींनी तिला वर्षभरसुद्धा जगवलं नसतं.

आज तुम्ही काय करता ते मला माहीत आहे, कारण आपण त्याविषयीच बोलत होतो. नवा चित्रपट जाहीर झाला की त्यातल्या सावळ्या मुलाची किंवा मुलीची फर्स्ट अपिअरन्स, म्हणजे पहिली हजेरी, कुठल्या अंकात होती ते शोधायचं, तो 'की इश्यू' घ्यायचा, ग्रेडिंगला, म्हणजे दर्जा ठरवून घ्यायला, पाठवायचा, स्लॅबमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या कडक डबीत, बंद करायचा. त्या नायकाची आज चालू असलेली मालिका घेणारे मात्र त्या संध्याकाळी आपल्यात दोघंच निघाले. मालिका बंद पडली की पुन्हा म्हणणार, बघा, असले नायक चालत नाहीत. मित्रांनो, हे १९९३ चंच आहे.

इंद्रजालचे मराठी अंक जपा. त्यांच्या प्रती खरोखर उरलेल्या नाहीत, आणि तुम्ही जपले नाहीत तर कुणी जपणार नाही. ते स्कॅन करा, आम्लरहित पाकिटात ठेवा, मी त्याच्या आड येणार नाही. पण 'स्टॅटिक'चा पहिला अंक दुर्मीळ नाही. खरा शोधावा लागतो तो चाळिसाव्या अंकाच्या आसपासचा गठ्ठा, जेव्हा प्रती कमी छापल्या जात होत्या आणि घेणारे फक्त वाचणारे उरले होते. संग्राहकाची चिकाटी तिथे लागते, आणि ती तुमच्याकडे आहे हे मी पाहिलंय. ज्यांना सुटे अंक परवडत नाहीत त्यांच्यासाठी २०२२ पासून माइलस्टोनचे जाडजूड एकत्रित खंड निघू लागले आहेत. आपण दहा-बारा जणांनी मिळून पहिला खंड घ्यायचा आणि एखाद्या शाळेच्या किंवा गल्लीतल्या वाचनालयाला द्यायचा, ही माझी दुसरी विनंती. पंचवीस पैशांत एक दिवस मिळणाऱ्या अंकांवर आपण वाढलो.

मी येत्या डिसेंबरात पुन्हा येते आहे. सोबत माझे 'स्टॅटिक'चे अंक आणणार आहे, १ ते ४५, दुमडलेले, काहींवर चहाचे डाग, एकावर माझ्या मुलाने काढलेल्या मिशा. तुम्ही ते हातात घेऊन वाचायचे, घरी न्यायचे असतील तर न्या. फक्त अडतिसावा माझ्याकडे नाही. वीस वर्षं शोधते आहे. तुमच्यापैकी कुणाला रद्दीत, प्रदर्शनात, कुणाच्या माळ्यावर दिसला तर माझ्यासाठी ठेवा. पानं सुटलेली चालतील, मुखपृष्ठ नसलं तरी चालेल.

आणि ज्या मुलाकडे ते बंद पाकीट आहे त्याला: तू ते फाडशील तेव्हा मला फोन कर. अमेरिकेत मध्यरात्र असली तरी कर.

तुमची,
मिरजेची एक वाचक, सध्या मिशिगन